माशी आणि मासा

मासे धरण्याची विद्या मनुष्याला उपजतच येते, असा माझा पुष्कळ वर्षें समज होता. ज्याचें बालपण वाशिष्ठीच्या कांठीं गेलें त्याचा असा समज व्हावा यांत नवल नाहीं. आमच्या गांवांत गळ टाकणें हा छंद नव्हता आणि कलाहि नव्हती. ज्याच्यापाशीं बांबूची एक काठी, आठदहा हात दोरा आणि परसांतल्या ओल्या मातींतून उकरलेलीं पांचसहा गांडुळें असत तो गळ टाकी, आणि ज्याच्यापाशीं तीं नसत तो कांठावर उभा राहून सल्ला देई. माझे एक चुलते पहिल्या वर्गांत मोडत. भरतीचें पाणी चढूं लागलें कीं ते एका ठराविक दगडावर जाऊन बसत आणि काकूनें चुलीवर चढविलेला भात उतरण्याच्या आंत घरीं परत येत. रिकाम्या हातानें ते क्वचितच आले असतील. त्यांना कोणी शिकारी म्हटलें असतें तर त्यांना राग आला असता. मासा ही त्यांच्या लेखीं भाजी होती; ती नदींत पिके, एवढेंच.

१९९८ सालच्या जूनमध्यें मी एडिंबरोस माझ्या मुलाकडे गेलों होतों. जाऊन आठ दिवस झाले असतील नसतील, तोंच एके रात्रीं जेवतां जेवतां चिरंजीव म्हणाले, "अण्णा, परवां संध्याकाळीं आपण माशीनें मासे धरायला जाऊं."

अकरा वर्षांच्या परदेशवासानें पोराचें मराठी बिघडलें, असेंच मला प्रथम वाटलें. प्रथमग्रासे मक्षिकापातः हें मला ठाऊक होतें. माशी पडली कीं दूध टाकावें लागतें, माशी शिंकली कीं काम अडतें, हेंहि ठाऊक होतें. पण माशीनें मासा धरतात हें मीं कधीं ऐकलें नव्हतें.

जेवण झाल्यावर त्यानें एक चपटी पत्र्याची डबी आणून माझ्यापुढें उघडली. शेजारच्या एका म्हाताऱ्या स्कॉच गृहस्थानें, दृष्टि अधू झाल्यामुळें, ती त्याला देऊन टाकली होती. सोनार नथी मांडून ठेवतो तशा तिच्यांत चाळीसपन्नास माशा ओळीनें खोंवून ठेवलेल्या होत्या. जवळून पाहिलें तेव्हां कळलें कीं ती प्रत्येक माशी म्हणजे एक इवलासा गळ असून त्याच्यावर पिसें, रेशीम आणि जरीची तार यांचें वेष्टण चढविलेलें आहे. ट्राउट हा मासा पाण्यावर उतरणारे व पाण्यांतून वर येणारे कीटक खातो. त्याला कीटकच दाखवावयाचा, पण तो खोटा. आतां पिसाला वजन नाहीं. गांडूळ लावलेला गळ स्वतःच्या भारानें दूर जाऊन पडतो, पीस कसें जाणार? यावर या लोकांनीं काढलेली तोड मला फार आवडली. त्यांनीं दोरीच जड केली. फेंकावयाची ती दोरी. माशी आपली तिच्या शेवटाला, एका बारीक तांतेला बांधलेली, वरातीमागून यावें तशी येते.

मुलगा एकेका माशीचें नांव सांगत होता. त्यांतली ग्रीनवेल नांवाची माशी १८५४ सालीं डरहॅमच्या त्याच नांवाच्या पाद्र्यानें ट्वीड नदीच्या कांठीं जेम्स राइट नांवाच्या कारागिराकडून बांधवून घेतली. या पाद्रीबोवांनीं प्राचीन लोकांचीं थडगीं उकरून पुराणवस्तुसंशोधनांत मोठें नांव मिळविलें. पण आज जगांत त्यांचें नांव ज्यांच्या तोंडीं आहे त्यांतल्या बहुतेकांना त्या थडग्यांची वार्ताहि नाहीं. त्यांना ही अर्ध्या इंचाची माशी तेवढी माहीत आहे. विद्वत्तेनें गर्व करूं नये तो यासाठीं.

ग्रीनवेलच्या शेजारीं डंकेल्ड नांवाची दुसरी एक माशी होती. अंग जरीचें, मानेभोंवतीं नारिंगी पीस, आणि दोन्ही गालांवर एकेक बारीकशी चकती—जणू लाखेचा पिवळट पांढरा थेंब काळ्यावर पडून वाळला आहे. ती पाहतांच मीं चष्मा पुसून घेतला.

"हें कसलें पीस रे?" मीं विचारलें.

"याला जंगल कॉक म्हणतात. फार महाग असतं. आतां तर मिळतहि नाहीं फारसं."

तें रानकोंबड्याच्या मानेचें पीस होतें. आपल्या सह्याद्रींतला तो राखी रानकोंबडा; पहांटे जंगलाच्या कडेला त्याची तुटक बांग ऐकूं येते आणि आपण तिकडे वळतों न वळतों तोंच पायरवानें तो नाहींसा होतो. लहानपणीं घाटाखालच्या वाडीवरचा एक शिकारी वर्षांतून एखादे वेळीं तो मारून आणी. मांस मोठ्यांचें आणि मानेचीं पिसें आम्हां मुलांचीं, असा वाटणीचा शिरस्ता होता. इतर मुलें पुस्तकांत मोरपीस ठेवीत, मी हें ठेवीत असें. त्याच्या टोकाचा तो टणक, चकाकणारा ठिपका नखानें खरवडून पाहिला तरी निघत नसे. इंग्रजी अमदानींत असल्या पिसांच्या माना पेट्या भरभरून विलायतेला गेल्या. पुढें भारत सरकारनें ती निर्यात बंद केली, आणि आतां तिकडचे लोक हे पक्षी तिकडेच पाळून आपली हौस भागवितात. डबींतली ती माशी जुनी होती. तिचें पीस कदाचित् आमच्याच डोंगरांतून आलेलें असावें.

मीं हें सर्व सांगितलें तेव्हां मुलगा त्या माशीकडे थोडा वेळ पाहत राहिला. "म्हणजे हा आपल्याकडचा?" तो म्हणाला. 'आपल्याकडचा' हा शब्द त्याच्या तोंडून त्या आठ दिवसांत मीं प्रथमच ऐकला.

लॉख लीव्हन हें सरोवर एडिंबरोच्या उत्तरेला, फोर्थच्या खाडीपलीकडे, मोटारीनें तासाभराच्या आंत आहे. किनरॉस गांवाच्या धक्क्यावरून आम्हीं संध्याकाळीं सहाच्या सुमारास होडी घेतली. त्या दिवसांत तेथें सूर्य दहा वाजल्यावर मावळतो, त्यामुळें आमच्या हिशेबानें ती दुपारच होती. सरोवर विस्तीर्ण, पण उथळ आहे. पुष्कळ ठिकाणीं दोन पुरुष पाणी असेल नसेल. मधल्या एका बेटावर पडका किल्ला आहे. स्कॉटलंडच्या मेरी राणीला १५६७ सालीं याच किल्ल्यांत कोंडून तिच्याकडून राज्यत्यागाच्या कागदावर सही घेतली. पुढच्या वर्षीं मेच्या दुसऱ्या तारखेला, किल्ल्यांतल्याच एका पोरानें किल्ल्या लांबवून तिला बाहेर काढलें, बाहेरून दरवाजाला कुलूप ठोकलें आणि होडींतून जातां जातां किल्ल्या पाण्यांत फेंकून दिल्या. तेव्हां पाणी तटाला लागलेलें होतें. १८३० च्या सुमारास गिरण्यांसाठीं व जमिनीसाठीं कालवा खणून सरोवराची पातळी उतरविली, तेव्हांपासून बेट मोठें झालें आहे आणि किल्ला झाडींत मागें सरला आहे.

नदींतला ट्राउट हा दुकानदार आहे. दगडाच्या आडोशाला, प्रवाहाकडे तोंड करून तो आपल्या गादीवर बसून राहतो. पाणीच त्याच्या दारावरून माल घेऊन जातें. सरोवरांतलें पाणी उभें. तेथल्या माशाला पोटासाठीं हिंडावें लागतें. तो फेरीवाला आहे. त्यामुळें त्याचा पत्ता असा नसतो. आभाळ भरलेलें असेल तर तो वर येतो. ऊन पडलें तर टांचणीच्या डोक्याएवढे पाण्यांतले जीव खोल उतरतात, आणि त्यांच्यामागोमाग तोहि उतरतो. वारा ज्या कांठाकडे वाहतो तिकडे कीटक लोटले जातात, म्हणून तोहि तिकडे जातो. हें सर्व मनांत आणून एक जागा ठरवावयाची आणि तेथें मासा असेल असें समजून दोरी टाकीत राहावयाचें. माझ्या चुलत्यांच्या दगडासारखा दगड येथें कोणालाच मिळालेला नाहीं.

होडींत बसण्याची त्यांची रीत मला नवीन होती. वाऱ्याच्या बाजूला गेल्यावर इंजिन बंद करावयाचें, होडी वाऱ्याला आडवी करावयाची आणि तो नेईल तिकडे तिला जाऊं द्यावयाचें. दोघांनीं दोन टोकांना बसावयाचें, पण तोंडें एकमेकांकडे नाहींत. दोघांचींहि वारा जाईल त्या दिशेला. उभें राहावयाचें नाहीं, आणि दुसऱ्याच्या हद्दींत दोरी टाकावयाची नाहीं. एका तांतेला तीन माशा असतात. ती तांत पुढें टाकून हळूहळू ओढून घ्यावयाची आणि शेवटीं काठी उचलावयाची, म्हणजे सर्वांत वरची माशी लाटांवर नाचत होडीकडे येते. पुष्कळदां मासा त्या अखेरच्या क्षणींच झडप घालतो, असें म्हणतात. काठी मागें एक वाजल्याच्या कांट्यापर्यंत न्यावी, पुढें दहाच्या कांट्याशीं थांबवावी, अशीहि शिकवण आहे. माझ्या काठीनें त्या संध्याकाळीं घड्याळाचे बाराहि आंकडे पाहिले. एक माशी माझ्या टोपींत अडकली, एक होडीच्या लांकडांत, आणि एक मुलाच्या बाहींत. तो न रागावतां ती सोडवीत होता. लहानपणीं त्याला सायकल शिकवितांना मीं इतका धीर धरला नव्हता, हें मला आठवलें.

माझ्या आग्रहावरून रानकोंबड्याच्या पिसाची माशी माझ्या तांतेला शेवटीं बांधली होती.

आठ वाजेपर्यंत त्याला दोन मासे मिळाले आणि ते दोन्ही त्यानें पाण्यांतल्या पाण्यांतच गळ काढून सोडून दिले. पहिल्या वेळीं मीं कांहीं बोललों नाहीं. दुसऱ्या वेळीं मात्र राहवलें नाहीं. खावयाचा नाहीं तर धरावयाचा कशाला? मासा अन्न आहे. अन्नाशीं खेळूं नये. माझ्या चुलत्यांनीं हजारों मासे मारले असतील, पण एकाहि माशाला त्यांनीं केवळ गंमत म्हणून ओढलें नाहीं. मुलाचें म्हणणें निराळें होतें. सहा वर्षांपूर्वीं, १९९२ च्या जूनमध्यें, कांठच्या वस्तीचें सांडपाणी आणि शेतांतलें खत उतरून या सरोवरावर शेवाळाची हिरवी साय धरली होती. पाण्याला हात लावूं नये अशी स्थिति आली होती. आतां कोठें तें सुधारूं लागलें आहे. बाहेरून अमेरिकेच्या इंद्रधनुषी ट्राउटचीं पिलें आणून सोडावीं लागतात. या पाण्याचा असा जो मूळचा मासा, तो तेवढा पोटाला न लागतां राहूं द्यावा. हें मला पटलें नाहीं असें नाहीं. पण जो जगावा असें वाटतें त्याच्या तोंडांत गळ कां रुतवावा, या प्रश्नाचें उत्तर त्याला देतां आलें नाहीं. तो नुसता हांसला. माझ्या मतें त्याला उत्तर नाहीं. आणि माझ्या बाजूला उत्तर होतें तें केवळ मला भूक लागली होती म्हणून.

मूळच्या माशाची गोष्ट निघाली त्यावरून त्यानें फ्रॅन्सिस डे यांची हकीकत सांगितली. हे डेसाहेब मद्रासकडे लष्करी डॉक्टर होते. हिंदुस्थानच्या माशांवरचा त्यांचा ग्रंथ १८७५ ते १८७८ या सालांत निघाला आणि अजूनहि अभ्यासक तो उघडतात. विलायतेस परतल्यावर त्यांनीं ट्राउटकडे लक्ष वळविलें. लॉख लीव्हनचा ट्राउट अंगानें रुपेरी, मांसानें गुलाबी. म्हणून मोठमोठ्या पंडितांनीं त्याची एक स्वतंत्र जात ठरवून तिला लॅटिन नांवहि दिलें होतें. स्टर्लिंगजवळच्या हॉवीटन येथें सर जेम्स मेटलंड यांनीं या माशांची पैदास चालविली होती. तेथें पाहणी करून व इतर ठिकाणांहून नमुने मिळवून डे यांनीं दाखवून दिलें कीं ही निराळी जात नव्हेच. याच माशाचीं पिलें ओढ्यांत वाढविलीं तर त्या ओढ्यांतल्या माशांसारखीं दिसूं लागतात. रुपेरी रंग जातो, ठिपके उमटतात. पाणी बदललें कीं रूप बदलतें. स्कॉटलंडचे ट्राउट काश्मिरांतहि गेले आहेत. १८९९ सालीं धाडलेली अंड्यांची पहिली खेप वाटेंतच नासली, पण १९०० सालची दुसरी पोचली, आणि आज तेथल्या उंचावरच्या तळ्यांतून जे मासे पोहतात त्यांना कोणी परके म्हणत नाहीं.

हें सांगून झाल्यावर तो बराच वेळ गप्प होता. वारा मंदावला होता. होडी किल्ल्याच्या बेटावरून सरकत चालली होती.

"अण्णा," तो म्हणाला, "आम्ही इथं घर घ्यायचं ठरवलं आहे."

"भाड्याचं?" मीं विचारलें. उत्तर ठाऊक असतांना मनुष्य असले प्रश्न कां विचारतो कोण जाणे.

"नाहीं. विकत." आणि थोड्या वेळानें, "गांवच्या घराचं तुमच्या मनाला येईल तसं करा. माझ्यासाठीं म्हणून ठेवूं नका."

आम्हां दोघांचीं तोंडें एकाच दिशेला होतीं. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता आणि त्याला माझा. समोरासमोर बसलों असतों तर तो हें बोलला नसता. निदान त्या संध्याकाळीं तरी नसता. घरीं पत्रांतून त्यानें तीन वर्षें हें लिहिण्याचें टाळलें होतें, हेंहि मला तेव्हां उमगलें. मी 'बरं केलंस' म्हणालों आणि दोरी टाकली. ती मात्र कधीं नव्हे ती सरळ जाऊन अलगद पडली. तिला मासा लागला नाहीं.

गांवचें घर अजून उभें आहे. पावसाळ्यापूर्वीं मी तें दर वर्षीं शाकारून घेतों.

साडेनवाच्या पुढें पाण्याचें रूप पालटलें. सरोवराच्या गाळांत चिलटांच्या जातीच्या कीटकांच्या तांबड्या अळ्या असतात. त्यांचे कोश उन्हाळ्यांतल्या असल्या संध्याकाळीं वर येऊन पृष्ठभागाला चिकटून लोंबकळतात, फुटतात आणि त्यांतून पंखवाले जीव उडून जातात. कांठच्या झाडांवर त्यांचे थवे धुराच्या खांबांसारखे उभे होते. चूल पेटलेली दिसत नाहीं आणि धूर दिसतो, तसे. पाण्यावर इकडे एक, तिकडे एक अशीं वर्तुळें उमटूं लागलीं. प्रत्येक वर्तुळ म्हणजे एक मासा. माझा हात आपोआप घाईला आला, आणि मुलगा दुसऱ्या टोकाकडून हलकेच म्हणाला, "हळू, अण्णा. ओढूं नका. नुसती राहूं द्या."

मीं राहूं दिली. आणि दोरी थांबली. कोणी तरी कडी लावून घ्यावी तशी थांबली, आणि मग एकाएकीं चालूं लागली. गांडूळ गिळलेला मासा मीं पुष्कळदां ओढला आहे. तो जड लागतो, बादलीसारखा. हा हलका होता, पण जिवंतपणा दोरींतून कोंपरापर्यंत येत होता. तो दोनदां पाण्याबाहेर आला. मीं काय काय चुका केल्या त्या येथें सांगत नाहीं. सरतेशेवटीं मुलानें लांब दांड्याचें जाळें त्याच्याखालीं घातलें. सुमारें दीड पौंडाचा मासा होता. पाठ ऑलिव्हसारखी गडद, बाजू रुप्याच्या, आणि त्यांवर काळे ठिपके. गळ ओठाच्या कोंपऱ्यांत नेटका बसला होता. रानकोंबड्याच्या पिसाकडे त्यानें ढुंकूनहि पाहिलें नव्हतें; त्यानें घेतली होती ती मधली, काळी, केंसाळ, नांव विचारावें असेंहि न वाटणारी माशी.

जाळें पाण्यांत तसेंच धरून मुलानें माझ्याकडे पाहिलें. त्या संध्याकाळीं आम्हीं एकमेकांची तोंडें पाहिलीं तीं त्या एकाच वेळीं. मीं 'सोड' म्हटलें नाहीं. 'ठेव' म्हणावयाला जीभ रेटली नाहीं.

होडीच्या फळीखालून त्यानें एक वीतभर लांबीचा, शिसें भरलेला दांडका काढला. इंग्रजींत त्याला 'प्रीस्ट' म्हणतात, म्हणजे पुरोहित. अखेरचा संस्कार तो करतो म्हणून. त्यानें दोन फटके मारले. गेल्या तीन वर्षांत त्यानें एकहि मासा मारला नव्हता, हें मला मागाहून सूनबाईनें सांगितलें. त्याचा हात कांपला असें मला वाटलें, पण तोंपर्यंत उजेड बराच कमी झाला होता.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं मीं स्वतः तो मासा साफ केला. मांस गुलाबी निघालें तेव्हां मला तो शिजवावा कीं नाहीं असा क्षणभर संशय आला. आपल्याकडच्या माशाचें मांस पांढरें असावयाचें. पाण्यांतल्या गोगलगाई आणि बारीक कवचाचे जीव खाऊन त्याला तो रंग चढतो, असें मुलानें सांगितलें. आमच्या कुटुंबानें माझ्या पेटींत नको नको म्हणत असतां आमसुलें कोंबलीं होतीं, तीं कामीं आलीं. नारळाचें दूध डब्यांतलें होतें. कालवण वाशिष्ठीकांठच्यासारखें झालें असें म्हणवत नाहीं. मासा थोडा गोडसर लागला, आणि आमसुलाशीं त्याचें पुरतें जमलें नाहीं. पण मुलानें दोनदां भात घेतला.

नातू तेव्हां सहा वर्षांचा होता. मासा म्हणजे पावाच्या चुऱ्यांत घोळलेली चौकोनी वडी, एवढीच त्याची त्या प्राण्याशीं ओळख होती. ताटांत डोकें आणि शेपूट पाहून तो आईकडे सरकला. मीं त्याला माझ्याजवळ घेतलें, पाठीच्या कण्यावरून बोट फिरवून मांस वेगळें केलें आणि त्याच्या भातावर ठेवलें. पहिल्या घासालाच त्यानें जिभेवरून कांहीं तरी काढून मला दाखविलें आणि इंग्रजींत त्याचें नांव विचारलें.

"कांटा," मी म्हणालों.

"कांटा," तो म्हणाला. मग घासागणिक तो थांबूं लागला, आणि जो सांपडेल तो ताटाच्या कडेला एका ओळींत मांडून इंग्रजींत मोजूं लागला. जेवण आटोपेपर्यंत सतरा झाले.